न्यायमूर्ती रानडे आणि न बोललेला पक्ष
(जुबिलीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



जुबिलीच्या वर्षी आपण आपल्या धर्मग्रामाचा गतकाल आठवितो. प्रभुमंदिराचा पाया कोणी घातला, शाळा कोणी चालविली, दुष्काळात दाराशी आलेल्यास भाकर कोणी दिली, या गोष्टी मुलाबाळांस सांगतो. हे यथायोग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर हे प्रभुमंदिर उभे आहे तिचेही आपणांवर ऋण आहे, आणि त्या भूमीने जे थोर पुरुष निर्माण केले ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांचे चरित्र हा आपला समाईक ठेवा आहे. म्हणून आज आम्ही आपल्याच नासिक जिल्ह्यात जन्मलेल्या, याच शहरात न्यायासनावर बसलेल्या आणि पुढे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

रानड्यांचे नाव समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ व इतिहासकार म्हणून आपण ऐकतो. पुण्याची सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ, यांविषयी शाळेतील मुलेही थोडेबहुत सांगतील. परंतु ज्या कामावर ते आपली भाकर मिळवीत आणि ज्यात त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे गेली, त्या न्यायदानाकडे लोकांचे लक्ष कमी जाते. ‘न्यायमूर्ती’ हे पद मात्र त्यांच्या नावाला असे चिकटले की, ते नावाचाच भाग होऊन बसले. हे पद त्यांस का शोभले, एवढाच आमचा आजचा विषय आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, जो पक्ष बोलत नाही किंवा ज्यास बोलता येत नाही, त्याचे ऐकून घेणे हे न्यायाधीशाचे पहिले कर्तव्य होय, हा रानड्यांच्या आयुष्याचा मोठा धडा आहे. आणि जेथे हे कर्तव्य त्यांच्याकडून उणे पडले, तेथेही तो धडाच आहे.

प्रथम त्यांचा जीवनक्रम थोडक्यात पाहू. रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. वडील गोविंदराव तेथे सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि मुलाचे बाळपण कोल्हापुरात गेले. तेथून मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विश्वविद्यालय 1857 साली स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे होते. 1862 साली विश्वविद्यालयाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. पुढे त्यांनी एम. ए. व कायद्याची पदवी मिळविली. अतिवाचनाने डोळे मात्र कायमचे दुबळे झाले. म्हणून दुसऱ्याकडून वाचवून घेण्याची आणि ऐकून लक्षात ठेवण्याची सवय त्यांस जन्मभर ठेवावी लागली. ज्या पुरुषाने पुढे ऐकण्यात कीर्ती मिळवावयाची होती, त्यास ऐकण्याचा अभ्यास विधात्याने असा लवकर लावून दिला.

अक्कलकोटचा कारभार, कोल्हापुरातील न्यायाधीशाचे काम आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापन ही कामे करून 1871 साली ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज झाले. आजच्या श्रोत्यांसाठी सांगावयास हवे की, सबजज्ज म्हणजे जिल्ह्यातील दिवाणी दावे ऐकणारा दुय्यम न्यायाधीश. दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जास पाच हजार रुपयांपर्यंतचेच दावे चालविता येत. पहिल्या वर्गाच्या सबजज्जास अशी मर्यादा नव्हती. पुण्यात सात वर्षे हे काम करीत असताना रानड्यांनी सरकारी वेळेबाहेर जे लोककार्य केले ते सर्वश्रुत आहे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी 1870 साली स्थापिलेल्या सार्वजनिक सभेस रानड्यांनी विचार व लेखणी पुरविली. 1876–77 च्या भयंकर दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. सरकारचा पगार घेणाऱ्या न्यायाधीशाने रयतेची गाऱ्हाणी इतक्या स्पष्टपणे मांडावी, हे पुष्कळ अधिकाऱ्यांस रुचले नाही. 1878 साली त्यांची बदली पुण्याहून नासिकास झाली.

येथे आपल्या शहराचा संबंध येतो. त्या काळी लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळ हरी देशमुख हेही नासिकास जॉइंट जज्ज होते. त्यामुळे महाराष्ट्रातील दोन थोर विचारवंत एकाच वेळी नासिकच्या न्यायासनांवर बसलेले या शहराने पाहिले. दोन्ही घरांत स्नेह होता. त्याच 1878 सालच्या मे महिन्यात पुण्यास मराठी ग्रंथकारांचे जे पहिले संमेलन भरले त्यातही या दोघांचा पुढाकार होता. आजच्या साहित्यसंमेलनांचे मूळ तेथे आहे.

पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उद्भवले. 1879 च्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. सरकारचे मन संशयाने व्यापले होते, आणि पुण्यातील विद्वान ब्राह्मणांचे पुढारी म्हणून रानड्यांवरही तो संशय गेला. त्यांस तडकाफडकी धुळ्यास पाठविण्यात आले. धुळ्यास त्यांचे टपाल वाटेत उघडून पाहिले जात असे, ही हकीकत त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

श्रोते हो, या प्रसंगाचा आपण नीट विचार करावा. जो मनुष्य दररोज न्यायासनावर बसून वादी व प्रतिवादी या दोघांचे ऐकल्यावाचून हुकूमनामा करीत नसे, त्याच्याविरुद्ध मात्र आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, साक्ष नाही, केवळ संशय! अशा वेळी दोन मोह मनुष्यास पडतात. एक, नोकरी टाकून देऊन रागाने बाहेर पडावे. दुसरा, भिऊन जाऊन लोककार्य सोडावे व वरिष्ठांची मर्जी सांभाळावी. रानड्यांनी दोन्ही केले नाही. ते धुळ्यास गेले, न्यायदानाचे काम पूर्वीइतक्याच सावधपणे करीत राहिले आणि लिहिणेही त्यांनी थांबविले नाही. काही काळाने संशय आपोआप विरला आणि 1881 साली त्यांस पुन्हा पुण्याकडे बोलाविण्यात आले. झालेल्या अन्यायाचा सूड त्यांनी पुढे कोणावर घेतल्याचे दिसत नाही. ज्यास स्वतःस सुनावणी मिळाली नाही, त्याने दुसऱ्यास सुनावणी देण्यात कसूर केली नाही. न्यायबुद्धीची याहून कठीण परीक्षा आम्हांस सुचत नाही.

आता त्यांच्या न्यायदानातील जो भाग आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो त्याकडे वळू. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांची मूळ घरे गोदावरी व प्रवरा यांच्या काठच्या खेड्यांत आहेत. सावकार, खत, जप्ती हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांस किती परिचयाचे होते, हे आपण जाणता. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर उठले. तेथून हे दंगे अहमदनगर जिल्ह्यातही, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, पसरले. दंगेखोरांनी माणसे मारण्यापेक्षा खते व रोखे जाळण्यावर भर दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचा राग कागदावर होता.

कागदावर राग का, तर न्यायालय कागदच ऐकत होते. सावकाराने फिर्याद करावी, सही किंवा अंगठा असलेले खत पुढे करावे, आणि निरक्षर शेतकरी भीतीने, प्रवासखर्चाच्या अभावी किंवा समन्सच न मिळाल्यामुळे हजर राहू नये, असे वारंवार होई. मग दावा एकतर्फी निकालात निघे. खतात शंभर रुपये लिहिले असतील, तर त्यांतील मुद्दल किती, व्याज किती, मागच्या खताची बाकी किती, हे विचारणारा कोणी नसे. कायदा धाब्यावर बसविला जात होता असे नव्हे. कायदा पाळूनच मनुष्य बुडत होता.

यावर चौकशी होऊन 1879 साली ‘दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा’ झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. या कायद्याची मुख्य कलमे आपण समजून घ्यावी, कारण त्यांत एक मोठे तत्त्व दडलेले आहे. न्यायाधीशाने केवळ खतावर न थांबता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा. मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. प्रतिवादी शेतकऱ्यास बोलावून आणून त्याची जबानी घ्यावी. तो आला नाही म्हणून सुटले, असे समजू नये. फेडीसाठी हप्ते बांधून द्यावे. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकू नये. किरकोळ दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमावे आणि दावा लागण्यापूर्वी तडजोड करून देणारे पंच असावे. थोडक्यात, जो पक्ष गप्प बसतो त्यास बोलते करण्याचे काम या कायद्याने न्यायाधीशावरच टाकले.

परंतु कायदा कागदावर असून भागत नाही. शेकडो दावे निकालात काढण्याची घाई असलेला सबजज्ज हा सर्व खटाटोप करील कशावरून? म्हणून कायद्यात स्पेशल जज्ज नेमण्याची तजवीज होती. खालच्या न्यायालयांच्या कामाची त्याने तपासणी करावी आणि जेथे चूक आढळेल तेथे निकाल दुरुस्त करावा, अशी योजना होती. या पदावर डॉ. पोलन होते. 1881 पासून रानड्यांनी त्यांचे सहायक म्हणून काम केले आणि 1887 साली ते स्वतः स्पेशल जज्ज झाले. वर्षातील बराच काळ दौऱ्यावर घालवावा, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाऊन दप्तर तपासावे, एखाद्या गरीब कुळाच्या दहा-वीस रुपयांच्या दाव्यात हिशेब मुळापासून झाला की नाही हे पाहावे, असे ते काम होते. त्यात वर्तमानपत्री कीर्ती नव्हती. विद्वत्तेत हायकोर्टाच्या तोडीचा मनुष्य तालुक्याच्या कचेरीत बसून दुसऱ्यांचे कागद तपासत होता. तरी आम्हांस वाटते, की त्यांच्या न्यायमूर्तिपदाचा खरा पाया तेथेच घातला गेला.

रानडे भोळे नव्हते. कायद्याने सावकारास अडविले तर तो दुसरी वाट काढतो, गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेतो, आणि गरजू कुळास पुन्हा त्याच्याच दारी जावे लागते, हे त्या काळी दिसून येऊ लागले होते. म्हणून स्वस्त कर्जाची दुसरी सोय झाल्याशिवाय केवळ न्यायालयाने शेतकरी तरणार नाही, असे रानड्यांचे मत होते. प्रशियासारख्या देशांत जमिनीच्या तारणावर माफक व्याजाने कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभारल्या गेल्या याचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर 1904 साली झाला. आज आपल्यापैकी जे पतपेढीचे सभासद आहेत त्यांनी हा संबंध ध्यानात ठेवावा.

1893 च्या सप्टेंबरात हायकोर्टाचे न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली वारले. त्यांच्या जागी नोव्हेंबरात रानड्यांची नेमणूक झाली. मुंबईचे हायकोर्ट 1862 साली सुरू झाले. त्यात नानाभाई हरिदास हे पहिले हिंदी न्यायाधीश, त्यांच्यानंतर तेलंग, आणि मग रानडे. त्या वेळी रानड्यांचे वय एक्कावन्न होते. पुण्यात प्रथम सबजज्ज होऊन बावीस वर्षे उलटली होती. हायकोर्टात ते सात वर्षांहून थोडे अधिक काळ बसले. मुफसल न्यायालयांतून येणारी अपिले ऐकताना, वतन, दत्तक, वाटणी, गहाण या भानगडींत खेड्यातील व्यवहार कसा चालतो हे सांगण्यास त्यांस दुसऱ्याची गरज नव्हती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले होते. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस उरले होते. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी भर न्यायालयात त्यांच्या विद्वत्तेचा व योग्य तेच करण्याच्या त्यांच्या तळमळीचा गौरव केला. ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते त्या लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’त मृत्युलेख लिहून त्यांचे थोरपण मुक्तकंठाने मान्य केले.

येथवर आम्ही स्तुती केली. परंतु ज्याने आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकल्या त्याच्या चरित्राची एकच बाजू सांगणे हा त्याचा अवमान होईल. म्हणून दोन गोष्टी सांगणे प्राप्त आहे.

पहिली त्यांच्या विवाहाची. विधवाविवाहाचे ते कैवारी होते. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली. त्यांनी विधवेशीच विवाह करावा, अशी मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. वर एकतीस वर्षांचा, वधू निरक्षर. या प्रकरणात वडिलांचे ऐकले गेले, समाजाचे ऐकले गेले. त्या मुलीस कोणी विचारले नाही. लोकांनी रानड्यांवर टीका केली, ती अगदी अकारण नव्हती. पुढे मात्र त्यांनी तिला स्वतः शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील बायकांचा रोष पतकरून ती शिकली. त्याच रमाबाई. बाहेरच्या समारंभात त्यांचे पहिले भाषण झाले ते आपल्या नासिकात, हायस्कुलातील समारंभात. ते शब्द रानड्यांनी लिहून दिलेले होते. पुढे रमाबाईंस कोणी लिहून देण्याची गरज उरली नाही. 1909 साली त्यांनी पुण्यास सेवासदन स्थापिले व 1910 साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, जे मराठी आत्मचरित्रांत आजही मानाने वाचले जाते. जिला लग्नाच्या वेळी कोणी विचारले नाही, तिची साक्ष आज रानड्यांच्या घरगुती जीवनाविषयी सर्वांत मोठा पुरावा ठरली आहे.

दुसरी गोष्ट पंचहौद मिशनच्या चहाची. ती आम्हा ख्रिस्ती लोकांस विशेष विचार करावयास लावते. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यातील या अँग्लिकन मिशनात काही हिंदू पुढारी व्याख्यानास गेले. तेथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, गहजब झाला आणि प्रकरण शंकराचार्यांकडे गेले. त्या मंडळींत रानडे व टिळक दोघेही होते. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा, एवढ्यावरून घरोघर बहिष्काराचे भय निर्माण झाले. अखेर 1892 साली, मित्रांची कुटुंबे संकटात आली आहेत हे पाहून, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांस भित्रे म्हटले. आम्ही त्यांची बाजूही ऐकतो. एकट्याचा अभिमान राखण्यापेक्षा सोबत्यांचा त्रास कमी करणे त्यांस बरे वाटले. त्यात दया होती, हे आम्ही मान्य करतो. तरीही ज्याने तो चहा दिला त्याची बाजू त्या निवाड्यात कोणी विचारली नाही, आणि ज्याच्या शब्दास वजन होते त्या न्यायाधीशाने ती सर्वांसमक्ष विचारली असती, तर महाराष्ट्राचे हित झाले असते, असे आम्हांस वाटते. हे आम्ही कडवटपणे म्हणत नाही. आज नासिकच्या घराघरांतून सर्व धर्मांची माणसे एकमेकांकडे चहा घेतात. तो दिवस जवळ आणण्यास रानड्यांचे इतर कार्य कारण झाले, हेही खरे आहे.

मग या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी फार थोडे न्यायाधीश होतील. परंतु निवाडे आपण रोज करतो. भावाभावांत शेताच्या बांधावरून वाद होतो, आणि जो भाऊ आधी येऊन सांगतो त्याचे आपणांस खरे वाटते. सून बोलत नाही म्हणून सासूची हकीकत प्रमाण ठरते. एखाद्याविषयी कुजबूज ऐकतो आणि त्याच्या तोंडून एक शब्द न ऐकता त्यास दोषी ठरवितो. अशा वेळी आपणही खतच वाचत असतो. त्यामागील हिशेब विचारत नाही. रानड्यांचा धडा असा की, गप्प असलेल्या माणसाकडे आपण स्वतः चालत जावे, त्यास बसावयास सांगावे आणि विचारावे, ‘तुझे काय म्हणणे आहे?’ एवढे केले तर कित्येक दावे कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच मिटतील, आणि जे चढतील तेही वैराशिवाय चालतील.

आपल्या या जिल्ह्याने असा न्यायाधीश दिला याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु अभिमानापेक्षा त्याचा गुण अंगी आणणे अधिक कठीण व अधिक उपयोगाचे आहे. जुबिलीच्या या वर्षी प्रत्येक घराने एकतरी अर्धवट ऐकलेले गाऱ्हाणे पुन्हा काढावे, दुसऱ्या बाजूस बोलवावे आणि शांतपणे ऐकून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.